मोडत मोडत चालत राहिलेला बँड

किंग क्रिमसन हा एक बँड होता की एकाच नावानं वावरलेले सात-आठ बँड, हा वाद त्यांच्या चाहत्यांमध्ये जुना आहे. १९६९ ते २०२१ या बावन्न वर्षांत त्यांचे तेरा स्टुडिओ अल्बम आले. वीसेक वादक आले आणि गेले. बँड अनेकदा बंद पडला, कधी सात वर्षं, कधी दहा. या सगळ्यात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत राहिलेला माणूस एकच, गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. म्हणून 'हा फ्रिपचा बँड' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. फ्रिप मात्र ते आयुष्यभर नाकारत आला. किंग क्रिमसन म्हणजे काम करण्याची एक रीत, असं त्याचं म्हणणं. आपण ज्याला घराणं म्हणतो त्याच्या बरीच जवळ जाणारी ही कल्पना आहे. फक्त घराण्यात गायकी सांभाळायची असते. इथं वाजवण्याची पठडी बसली की ती मोडायची, हीच परंपरा होती. प्रोग्रेसिव्ह रॉक या प्रकारातल्या इतर मोठ्या बँडांपेक्षा क्रिमसनचा प्रभाव जास्त खोल आणि जास्त काळ टिकला तो या मोडण्यामुळेच, असं माझं मत आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेकडल्या डॉर्सेट परगण्यातला फ्रिप आणि त्याच भागातले मायकल व पीटर जाइल्स हे दोघे भाऊ, अशा तिघांनी १९६८ मध्ये 'जाइल्स, जाइल्स अँड फ्रिप' या नावानं एक अल्बम काढला होता. तो जवळपास कुणी घेतलाच नाही. पीटर बाहेर पडला आणि उरलेल्या दोघांना सॅक्सोफोनवादक इयन मॅकडोनल्ड, गायक ग्रेग लेक आणि गीतकार पीटर सिनफिल्ड येऊन मिळाले. १३ जानेवारी १९६९ रोजी लंडनच्या फुलहॅम पॅलेस रोडवरच्या एका कॅफेच्या तळघरात त्यांनी पहिली तालीम केली. सिनफिल्ड स्टेजवर काहीच वाजवत नसे. तो शब्द लिहायचा, प्रकाशयोजना सांभाळायचा आणि बँडचं नावही त्याचंच. तरी तो बँडचा पूर्ण सभासद होता. त्या काळी ही गोष्ट दुर्मिळ होती.

सहा महिन्यांच्या आत, ५ जुलैला, हा बँड हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी लाखो लोकांसमोर वाजवत होता. १० ऑक्टोबरला पहिला अल्बम आला, 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग'. त्याआधी एका नावाजलेल्या निर्मात्याबरोबर ध्वनिमुद्रणाचा प्रयत्न झाला होता, पण तो जमला नाही. मग विशीतल्या या मुलांनी निर्मितीचं काम स्वतःच अंगावर घेतलं. ब्रिटनच्या यादीत अल्बम पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच्या मुखपृष्ठावरचा किंचाळणारा लाल चेहरा बॅरी गॉडबर या तरुणानं काढला. तो व्यवसायानं कॉम्प्युटर प्रोग्रॅमर होता. आरशात स्वतःचा चेहरा बघून त्यानं ते चित्र रंगवलं आणि अल्बम आल्यावर काही महिन्यांतच, चोविसाव्या वर्षी तो गेला.

या अल्बममधला जो भरून येणारा, वाद्यवृंदासारखा आवाज आहे तो मेलोट्रॉनचा. हे वाद्य समजून घेण्यासारखं आहे. दिसायला हार्मोनियमचा थोरला भाऊ, पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत. त्या फितीवर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा तो तो स्वर आधीच मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत पुढे सरकते आणि स्वर वाजतो. आठेक सेकंदांत फीत संपते, स्वर तुटतो. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे ओढून घेते. म्हणजे लांब सूर धरायचा तर आठ सेकंदांच्या आत बोटं बदलत राहायची. शिवाय हवा बदलली, विजेचा दाब कमी-जास्त झाला की स्वर हलणार. क्रिमसनच्या संगीतातला भव्यपणा कधीच गुळगुळीत वाटत नाही. भव्य असूनही तो आत्ता कोसळेल असं वाटत राहतं, त्याचं एक कारण या यंत्रात आहे.

त्याच अल्बममधलं पहिलं गाणं '२१स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन' ऐकताना आपल्या कानांना एक गोष्ट ओळखीची वाटेल. मधल्या भागात गिटार, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स प्रचंड वेगात एकच ओळ वाजवतात आणि सगळे एकदम थांबतात. पुन्हा ओळ, पुन्हा थांबा. तिहाई ऐकून समेची वाट बघणारा श्रोता जसा पुढे झुकतो तसे आपण झुकतो. हा हिंदुस्थानी संगीताचा परिणाम आहे असं मी म्हणत नाही. ते जॅझकडून आलेलं आहे. पण लयीतला ताण आणि सुटका यांवर वाढलेल्या श्रोत्याला या बँडमध्ये शिरायला दार लगेच सापडतं, हा माझा अनुभव आहे. कव्हर नसलेल्या, हातानं नाव लिहिलेल्या कॅसेटवर मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इंग्रजी शब्द अर्धे कळले नव्हते, पण ते थांबे लगेच कळले होते.

असं यश मिळालेल्या बँडनं पुढची पाच वर्षं तेच वाजवलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. घडलं उलटं. १९६९ च्या डिसेंबरात, पहिल्याच अमेरिका दौऱ्यावर, मॅकडोनल्ड आणि मायकल जाइल्स यांनी बँड सोडत असल्याचं सांगितलं. त्यावर फ्रिप म्हणाला, त्यापेक्षा मीच बाहेर पडतो, बँड राहिला पाहिजे. त्यांनी ते मान्य केलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा कार्यक्रम झाला. पहिल्या तालमीपासून जेमतेम अकरा महिने. पुढे ग्रेग लेकही 'इमर्सन, लेक अँड पामर'कडे गेला. फ्रिपनं देऊ केलेली ती माघार मला फार महत्त्वाची वाटते. पाच वर्षांनी बँड बंद करतानाही, मॅकडोनल्डला परत घेऊन माझ्याशिवाय चालू ठेवा, असं त्यानं सुचवलं होतं. व्यवस्थापनाला ते पटलं नाही. बँड आपल्यापेक्षा मोठा आहे असं म्हणणारे पुष्कळ असतात. हा माणूस दोनदा स्वतःला वजा करायला निघाला होता.

१९७० ते ७२ ही तीन वर्षं पडझडीची. तीन अल्बम आले, प्रत्येकात माणसं वेगळी. गायक मिळेना म्हणून बॉझ बरेल या गायकाला घेतलं. बास वाजवणारा मिळेना म्हणून फ्रिपनं त्यालाच बास शिकवला. 'लिझर्ड'मध्ये काही सुंदर जागा आहेत, 'आयलंड्स'मध्ये शांतता आहे, पण हा काळ ऐकताना एक माणूस वाट चाचपडतो आहे हे कळतं. यावर जास्त थांबत नाही.

थांबायचं ते १९७२ च्या उत्तरार्धापाशी. बिल ब्रुफर्ड हा ड्रमर तेव्हा 'यस' या बँडमध्ये होता. 'क्लोज टु द एज' हा त्यांचा सर्वांत मोठा अल्बम नुकताच तयार झाला होता आणि पैसा, प्रसिद्धी सगळं दारात उभं होतं. ते सोडून तो क्रिमसनमध्ये आला. गायन आणि बास जॉन वेटनकडे, व्हायोलिन डेव्हिड क्रॉसकडे. आणि तालवाद्यांवर जेमी म्युअर, मुक्त वादनाच्या वर्तुळातून आलेला. त्याच्याभोवती साखळ्या, पत्रे, घंटा, खेळणी असा संसार पसरलेला असे. १९७३ च्या 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक'ची सुरुवात त्याच्या बोटांनी वाजणाऱ्या छोट्याशा आफ्रिकी कलिंब्यानं होते. किणकिण चालू राहते, वाढत जाते आणि मग गिटार अशी कोसळते की खुर्चीतला माणूस दचकतो. ब्रुफर्ड अतिशय नीटस, हिशेबी ड्रमर. म्युअरनं काही महिन्यांत त्याचा हिशेब विस्कटून टाकला. संगीत तुझ्यासाठी नाही, तू संगीतासाठी आहेस, असा धडा आपण त्याच्याकडून शिकलो, अशा अर्थाचं ब्रुफर्डनं पुढे अनेकदा सांगितलं आहे. म्युअर मात्र अल्बम बाजारात येण्याआधीच बँड सोडून स्कॉटलंडमधल्या एका बौद्ध मठात निघून गेला.

ब्रुफर्ड तो धडा खरोखर शिकला होता याचा पुरावा ध्वनिमुद्रित झालेला आहे. २३ नोव्हेंबर १९७३, ॲम्स्टरडॅमचं कॉन्सर्टखेबाउ सभागृह. बँड उत्स्फूर्त वादन करत होता. आधी काहीही ठरलेलं नाही. व्हायोलिन हळुवार सुरू झालं, मग बास, मग मेलोट्रॉनवर बासरीचा स्वर. ब्रुफर्ड काठ्या छातीशी आडव्या धरून बसून राहिला. आता वाजवू, मग वाजवू असं करत शेवटपर्यंत त्यानं एकही ठोका दिला नाही. तो तुकडा 'ट्रायो' या नावानं 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' या अल्बमवर आला आणि त्याच्या रचनाकारांत ब्रुफर्डचंही नाव घातलं गेलं. त्यानं दाखवलेला संयम हा रचनेचाच भाग आहे, म्हणून. न वाजवण्याचं श्रेय कागदोपत्री देणारा दुसरा रॉक बँड मला माहीत नाही.

१९७४ चा 'रेड' हा माझ्या मते या बँडचा सर्वोत्तम अल्बम. तोवर क्रॉसही गेला होता. फ्रिप, वेटन, ब्रुफर्ड असे तिघंच उरले होते. शेवटची रचना 'स्टारलेस' बारा मिनिटांची आहे. सुरुवातीला एक करुण गाणं. मग गाणं थांबतं आणि बास तेरा मात्रांचं एक आवर्तन धरतो. ती ओळ ड्रमर ब्रुफर्डनं सुचवलेली. त्यावर फ्रिप एकच स्वर दोन तारांवर आळीपाळीनं वाजवत राहतो. बस्स, एकच स्वर. मग कणभर वर. पुन्हा तिथंच मुक्काम. ड्रम्स आधी जवळजवळ नाहीतच, नुसती टिचकी. हळूहळू दाटत जातात. चारेक मिनिटं हा ताण वाढत राहतो. मी पहिल्यांदा हातावर मात्रा मोजायला लागलो तेव्हा दरवेळी एक मात्रा कमी पडल्यासारखी वाटायची, पाय चौदावी टाकायला जायचा आणि समेला उशीर व्हायचा. तेरामधली ती एक उणीव मनाला स्वस्थ बसू देत नाही. आणि शेवटी वेग दुप्पट होतो, सॅक्सोफोन येतो, सुरुवातीची करुण धून पूर्ण ताकदीनं परत येते तेव्हा गळा दाटतो. विलंबित ख्यालात बढत करणाऱ्या गायकाला जे साधायचं असतं, त्याच जातीचं हे काम आहे.

'रेड' दुकानांत पोहोचायच्या आतच, सप्टेंबर १९७४ मध्ये फ्रिपनं बँड संपल्याचं जाहीर केलं होतं. तेव्हा हे वेडेपण वाटलं असणार. पण काळ बघा. 'यस', 'इमर्सन, लेक अँड पामर' आणि त्यांच्यासारखे बँड मोठमोठी स्टेडियम भरत होते, ट्रकच्या ट्रक सामान घेऊन हिंडत होते, गाणी अल्बमच्या एकेका बाजूभर लांबत होती. दोन वर्षांत पंक आलं आणि या सगळ्या डोलाऱ्याकडे बोट दाखवून तरुण पोरं हसायला लागली. ती टीका बऱ्याच अंशी रास्त होती. 'प्रोग्रेसिव्ह' म्हणवणारं संगीत एका जागी बसून सजावट करायला लागलं होतं. क्रिमसन त्या हशातून वाचला कारण तो तेव्हा अस्तित्वातच नव्हता. आणि त्याचं शेवटचं काम इतकं धारदार होतं की पंकवाल्यांनाही त्यात फुगीर असं काही सापडणं कठीण होतं.

फ्रिप काही काळ संगीतापासूनच दूर गेला, एका आध्यात्मिक शिक्षणकेंद्रात दहा महिने राहिला. परतला तो दुसऱ्यांच्या कामातून. ब्रायन ईनोबरोबर दोन टेपरेकॉर्डर जोडून एकाच गिटारचे थर रचण्याचं तंत्र त्यानं आधीच सुरू केलं होतं. १९७७ मध्ये डेव्हिड बोवीच्या 'हीरोज'वर सतत तरंगणारी जी गिटार आहे ती त्याची. १९८१ मध्ये त्यानं नवा बँड उभा केला, नाव ठेवलं 'डिसिप्लिन'. ब्रुफर्ड होताच. सोबत टॉकिंग हेड्सबरोबर वाजवून आलेला एड्रियन बेल्यू आणि पीटर गेब्रियलचा बासवादक टोनी लेव्हिन, असे दोन अमेरिकन. काही महिन्यांत फ्रिपला जाणवलं की हा किंग क्रिमसनच आहे, आणि नाव बदललं. मेलोट्रॉन नाही, व्हायोलिन नाही, सॅक्सोफोन नाही. जुनं ओळखीचं म्हणावं असं जवळजवळ काही नाही.

होत्या त्या दोन गिटारी, एकमेकींत गुंफलेल्या, इंडोनेशियाच्या गॅमेलान वाद्यवृंदाची आठवण करून देणाऱ्या. 'फ्रेम बाय फ्रेम' ऐका. दोघे सात मात्रांची एकच ओळ वाजवत असतात. मग एक जण ती तशीच चालू ठेवतो आणि दुसरा दर दोन आवर्तनांमागे एक मात्रा गाळायला लागतो. एकाच्या चौदा होतात तेव्हा दुसऱ्याच्या तेरा. ओळी एकमेकींपासून सरकत जातात, कानात तिसरीच नक्षी उमटते, आणि मग दोघे पुन्हा एका जागी येतात. रूपक तालाची सवय असलेल्या माणसानं हे हातावर धरून बघावं, फार आनंद मिळतो. यात कसरत आहे, पण दाखवेगिरी नाही. दोघांपैकी कुणीही पुढे येऊन सोलो वाजवत नाही. रॉकमधली गिटार म्हणजे नायक, ही समजूतच इथं मोडली आहे.

पुढची वाटचाल भरभर सांगतो. या चौघांनी तीन अल्बम केले आणि १९८४ मध्ये थांबले. १९८५ पासून फ्रिपनं 'गिटार क्राफ्ट' हे निवासी वर्ग सुरू केले. तिथं गिटार वेगळ्याच स्वरांत लावायची, बसायचं कसं आणि हात ठेवायचा कसा इथपासून शिकायचं. १९९४ मध्ये सहा जणांचा क्रिमसन आला, दोन गिटार, दोन बासच्या जातीची वाद्यं, दोन ड्रमर. 'थ्रॅक' हा त्यांचा अल्बम दणदणीत आहे. २००० चा 'कन्स्ट्रक्शन ऑफ लाइट' मला कोरडा वाटतो, स्वतःच्याच जुन्या युक्त्यांची उजळणी करणारा. २००३ चा 'द पॉवर टु बिलीव्ह' शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला. याच काळात जुन्या व्यवस्थापन कंपनीशी हक्कांवरून वर्षानुवर्षं भांडण झालं. १९९२ मध्ये फ्रिप आणि डेव्हिड सिंगलटन यांनी स्वतःची डीजीएम ही कंपनी काढली. संगीताचा मालकी हक्क कलावंताकडेच राहील, असं तिचं तत्त्व. जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं तिथून थेट श्रोत्यांना मिळू लागली, म्हणूनच आज या बँडचा दस्तऐवज इतका भरगच्च आहे.

प्रभावाबद्दल बोलायचं तर आधी गेलेल्यांकडे बघायला हवं. लेकमुळे 'इमर्सन, लेक अँड पामर', मॅकडोनल्डमुळे 'फॉरिनर', बरेलमुळे 'बॅड कंपनी', वेटनमुळे 'यूके' आणि 'एशिया'. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मुख्य प्रवाहातल्या रॉकमध्ये क्रिमसनमधून बाहेर पडलेली माणसं अशी पसरलेली आहेत. दुसरा प्रभाव ऐकणाऱ्यांवरचा. 'टूल'च्या विषम मात्रांच्या जड रचना, 'पॉर्क्युपाइन ट्री', 'ओपेथ', 'मार्स व्होल्टा', हे सगळे क्रिमसनची सावली मान्य करतात. 'पॉर्क्युपाइन ट्री'च्या स्टीव्हन विल्सननं तर २००९ पासून क्रिमसनच्या जुन्या मूळ टेप उघडून अल्बम नव्यानं मिक्स केले. आणि २०१० मध्ये कान्ये वेस्टनं 'पॉवर' या रॅप गाण्यात 'स्किझॉइड मॅन'चा तुकडा वापरला तेव्हा एकेचाळीस वर्षं जुनी ती आरोळी अशा मुलांपर्यंत गेली ज्यांनी प्रोग्रेसिव्ह रॉक हा शब्दही ऐकला नव्हता.

या रीतीची किंमतही होती आणि ती माणसांनी मोजली. एखाद्या वादकाला बँड संपल्याचं अचानक कळायचं. फ्रिपच्या शिस्तीत अनेकांची घुसमट झाली, काही जण कडवटपणे गेले, आणि ते कडवटपण त्यांच्या मुलाखतींतून वर्षानुवर्षं उमटत राहिलं. टोबी एमीस याच्या २०२२ च्या माहितीपटात हे उघडपणे दिसतं. बँडला पन्नास वर्षं झाली तरी जखमा ओल्या आहेत, आणि फ्रिप स्वतः कॅमेऱ्यासमोर सहज उलगडत नाही. संगीत इतकं मोठं म्हणून हे सगळं माफ, असं मला म्हणवत नाही.

म्हणूनच शेवटचा अध्याय मला जास्त भावतो. २०१४ मध्ये सात जणांचा क्रिमसन स्टेजवर आला. तीन ड्रमर पुढच्या रांगेत, बाकीचे मागे उंचावर. त्यात मेल कॉलिन्स होता, १९७२ नंतर प्रथमच सभासद म्हणून परतलेला सॅक्सोफोनवादक. गाणारा जॅको जॅक्सझिक हा पोरवयात १९७१ चा क्रिमसन ऐकून भारावलेला माणूस. आणि फ्रिपनं पहिल्यांदाच मागची सगळी पानं उघडली. चाळीस चाळीस वर्षं स्टेजवर न वाजलेल्या रचना वाजू लागल्या. जुनं वाजवतानाही मोडतोड होतीच. एका माणसासाठी लिहिलेला ठेका तिघांत वाटला जाई, एकाचा हात संपला की दुसऱ्याचा सुरू. कार्यक्रमात छायाचित्र काढायला सक्त मनाई असे. शेवटी टोनी लेव्हिन स्वतःचा कॅमेरा काढून प्रेक्षकांकडे रोखायचा, तीच परवानगीची खूण. मग सभागृहभर मोबाइल वर यायचे.

८ डिसेंबर २०२१ रोजी टोकियोच्या ऑर्चर्ड हॉलमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. शेवटची रचना 'स्टारलेस'. त्यानंतर दोनच महिन्यांत इयन मॅकडोनल्ड गेला, २०२४ मध्ये सिनफिल्ड, २०२५ मध्ये म्युअर. २०२४ मध्येच बेल्यू आणि लेव्हिन यांनी गिटारवादक स्टीव्ह व्हायला सोबत घेऊन ऐंशीच्या दशकातला क्रिमसन पुन्हा स्टेजवर आणला, 'बीट' या नावानं. हे नाव फ्रिपनंच सुचवलेलं. तो स्वतः त्यात नाही. आणि ब्रुफर्डच्या जागी ड्रम्सवर बसला आहे 'टूल'चा डॅनी केरी.